कोरड्या बोअरच्या पाइपावरचा अँटेना

२१ जुलै, रविवार
अमरावतीचा दूरदर्शनचा टॉवर बंद झाला. होणार होणार म्हणत होते, पण सरकारी काम, अजून दोन वर्षं तरी लोटतील असं धरून चाललो होतो. सकाळी टीव्ही लावला तर नुसत्या मुंग्या. गच्चीवर जाऊन अँटेना चारी दिशांनी फिरवला. सुशीला खालून विचारत होती, आलं का, आलं का. खांदे भरून आले तेव्हा खाली उतरलो.
संध्याकाळी सु. भांडी घासता घासता एवढंच म्हणाली, "कोजागिरीले टाइम हाय अजून." म्हणजे तिनं दिवसभर तोच हिशेब केला होता. मीही तोच केला होता.

२३ जुलै
केबलवाला आला. दीडशे चॅनेल देतो म्हणे काका. मी म्हटलं नागपूर केंद्राचा संध्याकाळचा तास देतो का? तो कोण पाहते आता, म्हणाला. डिशच्या छत्रीवाल्यांकडेही विचारलं, त्यांच्यावर सगळी दुनिया आहे पण तो तास नाही. तो फक्त टॉवरवरून येतो.
त्याला शेवटी सगळं सांगावं लागलं, नाहीतर तो उठत नव्हता. की मंजू अकरा वर्षांची होती तेव्हा टीव्हीवाले मोर्शीला आले, शाळेच्या पटांगणात पोरींची भुलाबाईची गाणी घेतली. दाखवायचं होतं पुढल्या वर्षी. मधल्या मे महिन्यात मंजू काविळीनं गेली. कार्यक्रम आला तेव्हा ती नव्हती. तेव्हापासून दर कोजागिरीला ते जुनं पुन्हा लावतात. दुसऱ्या ओळीत तिसरी. हसू येतं म्हणून तोंडावर हात नेते. चार-पाच सेकंद असेल सगळं मिळून.
तो म्हणाला फोटो असतील ना काका. आहेत. फोटोत ती हलत नाही.
पोरगा वाईट नाही. चहा न घेता गेला.

२७ जुलै, शनिवार
अकोल्याला हमीदभाईला फोन. मोर्शीत बसस्टँडजवळ तीस वर्षं त्याचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आमचा जुना सेट अर्धा त्याच्याच हातचा आहे. आता मुलाकडे असतो, तिथंही दुकानात बसतोच. त्याच्याकडून कळलं की नागपूरहून डिजिटल निघतं, घरच्या अँटेनावर धरता येतं, फक्त वेगळा बॉक्स लागतो. मग एकदम पडेल आवाजात म्हणाला, "भाऊ, शंभर किलोमीटरच्या वर हाय. नाई येणार. काहून डोस्कं लावता त्याच्यात?"
मला राग आला. चाळीस वर्षांची दोस्ती, आणि काम सांगितलं की नन्नाचा पाढा. म्हटलं येईल न येईल ते मी पाहतो, तू बॉक्स कोणता ते सांग. म्हणाला अमरावतीत कोणताही घ्या, डिजिटल म्हणजे डिजिटल, सगळे सारखेच.

४ ऑगस्ट
अमरावती. राजकमल चौकापासून पायी. बॉक्स घेतला. दुकानदार घाईत होता, मीही. सु.नं वाटेत खायला दिलेली पोळी तशीच परत आणली म्हणून बोलणी खाल्ली.

६ ऑगस्ट, मंगळवार
बॉक्स छत्रीचा निघाला. लावला की विचारतो कोणता उपग्रह. अँटेनाची पिन त्याच्यात बसतच नाही, त्याचे आटे वेगळे. परत अमरावती. दुकानदार म्हणे अँटेनाचा वेगळा येतो, आमच्याकडे कोणी मागत नाही, तुम्हाला हा घ्या म्हणून कोणी सांगितलं? हमीदभाईचं नाव घेतलं नाही. म्हातारपणी माणूस चुकतो. मीही परवा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला.

१४ ऑगस्ट
हमीदभाईनं अकोल्याहून एस.टी.च्या ड्रायव्हरसोबत बॉक्स पाठवला. हा अँटेनाचा आहे, पिन बसली. शोध लावला, पट्टी शेवटपर्यंत गेली, चॅनेल शून्य. पुन्हा लावला, शून्य. सु. स्वयंपाकघरातून येऊन येऊन पाहत होती.
रात्री डब्यासोबतची पुस्तिका वाचली. अक्षरं मुंगीएवढी. हा जुन्या पद्धतीचा आहे, 'टी' म्हणतात. नागपूर 'टी-टू'नं टाकतं. टी-टूवाला डबा टी घेतो, टीवाला टी-टू घेत नाही. एवढं मला एका संध्याकाळी कळलं. हमीदभाईचा तर जन्म त्यात गेला.
फोनवर म्हणालो तर म्हणे, हो का, ध्यानात नाई राहिलं भाऊ. आणि फोन ठेवला.

१८ ऑगस्ट, रविवार
खांब उभा केला.
बाग तोडून आता सव्वा वर्ष होईल. नऊशे फुटांवर गेलो तरी बोअर फुफाटाच ओकत होता. मृगाचा बहार नाही, आंबिया बहार नाही, झाडं उभ्या उभ्या वाळली. माझ्या बापानं लावलेली संत्री. लाकूड विटाभट्टीवर गेलं. वरुडकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही हातांना आता हेच दिसतं, आपलं एकट्याचं नाही. म्हणून रडायचीही सोय नाही, लोक म्हणतात तुमचंच काय नवल.
त्या बोअरचे लोखंडी पाइप गोठ्यात पडून होते. वीस-वीस फुटांचे. गजानन वेल्डरनं त्यातले दोन जोडले, खाली जाड, वर बारीक, तीन बाजूंनी तार ओढली. जुना अँटेना लांब काड्यांचा, तो यात चालत नाही. आखूड काड्यांचा नवा लागला. तोंड पूर्वेकडे, जरासं दक्षिणेला.
घराच्या पूर्वेला बाग होती तेव्हा तिकडे पाहिलं की हिरवी भिंत. आता सरळ क्षितिज दिसतं, मधात काही नाही. गजानन म्हणाला, काका सिग्नलले मस्त झालं. त्याला बिचाऱ्याला काय कळावं. मी आत येऊन पाणी प्यालो.

३० ऑगस्ट, पोळा
बैल दोन वर्षांपूर्वीच विकले. सु.नं मातीच्या बैलांची पूजा केली. मी सकाळच्या गाडीनं अकोल्याला. सणाच्या दिवशी जाऊ नका म्हणत होती. पण हमीदभाईचा फोन होता की पातूरचा त्याचा साडू कुवेतहून आला, त्यानं टी-टूचा बॉक्स आणलाय, घेऊन जा.
दुकानात रुकसाना होती, त्याची मुलगी. माहेरी आलेली, कडेवर पोर. मंजूच्या वर्गातली, एका बाकावर बसायच्या. तिला पाहिलं की मला दर वेळी मंजूचं वय कळतं. तिनं चहा आणला, काकू कशी हाय विचारलं, बॉक्स कशासाठी ते विचारलं. मी सांगू लागलो तर हमीदभाईनं तिला आत पिटाळलं, पोराले झोपव म्हणून. पोर टक्क जागं होतं.
निघताना हमीदभाई म्हणाला वरती मशीन लावायची गरज नाही, ते सिग्नल वाढवायचं बूस्टर खाली टीव्हीजवळच लावा, पावसात भिजत नाही. बरं म्हटलं.

६ सप्टेंबर, शुक्रवार
कुवेतच्या डब्यानं जीव खाल्ला. दोन पट्ट्या दाखवतो, एक जोराची, एक गुणाची. जोर भरून वाहतो, गुण शून्य. आमच्या पुढाऱ्यांसारखं. पूर्वी अमरावतीचं चित्र कितीही वाईट असलं तरी मुंग्यांतून माणूस ओळखू यायचा. यात मधलं काही नाही. आलं तर काचेसारखं, नाही तर काळा पडदा. सु. म्हणाली, हे काय बाई, थोडं तरी दिसलं पाहिजे ना माणसाले.
घरी महालक्ष्म्या आल्यात. आंबील, फुलोरा, सोळा भाज्या, सगळं तिनं एकटीनं केलं. पाहुणे म्हणून शेजारचे दोघं.

१० सप्टेंबर
अक्कल उशिरा येते पण येते. संत्र्याचा व्यापारी बाग घेतो तेव्हा मालकानं तोडून दिलेलं फळ खात नाही. आपल्या हातानं चार झाडांची तोडतो, एकाच सुरीनं कापतो, मग बोलतो. मी जन्मभर हे पाहिलं आणि डबे मात्र दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेत बसलो.
अमरावतीत इतवारा बाजाराकडे एक सिंधी दुकानदार सापडला. त्याच्याकडे दोन जातीचे टी-टू होते, धूळ खात. म्हटलं दोन्ही नेतो, एक ठेवीन, एक परत करीन. आधी नाही म्हणाला. मग कशासाठी ते विचारलं, सांगितलं, तर दोन्ही पिशवीत भरून दिले. वर म्हणाला बूस्टर खांबाच्या डोक्यावर लावा, अँटेनाच्या लगत. खाली लावलं तर वायरीत जमलेला कचराच वाढतो. डब्यातूनच त्याला वीज जाते, तशी सोय आहे का ते पाहून घ्या. आणि पेनड्राइव्हवर चित्र साठवतो का तेही.
साठवतो, हे मला माहीतच नव्हतं. येताना गाडीत तेच डोक्यात. म्हणजे कोजागिरीची वाट पाहायला नको. कधीही. रोज.
सु.ला सांगितलं नाही. आधी येऊ दे.

१४ सप्टेंबर, शनिवार. भाद्रपद पौर्णिमा
सु.नं भुलाबाई मांडली, आता कोजागिरीपर्यंत रोज गाणी. ज्वारीच्या धांड्यांचं मखर यंदा शेजारच्यांच्या वावरातून. गल्लीतल्या चारच पोरी आल्या, त्यातली एक मोबाइलमध्ये. पूर्वी अंगणात मावत नसत. खाऊ ओळखायला लावला, शेंगदाण्याचे लाडू होते, पहिल्याच फटक्यात ओळखले. सु. खोटं खोटं रागावली. तिला पोरींत बसलेली पाहिलं की मला बरंही वाटतं आणि पाहवतही नाही.
गजाननला बोलावून बूस्टर वर चढवलं.

२२ सप्टेंबर, रविवार
आलं. आलं. नागपूर आलं.
आठवडाभर रोज सांजच्याला दोन्ही डबे एकाच वायरीवर, एकाच पिनेवर, आलटून पालटून. पावसाच्या दिवशी दोघेही आंधळे. वारा असला की लटपट. आज दिवसभर ऊन, सांजेला वारा पडला, गवतावर दव. काळ्या डब्याचा गुण अर्ध्याच्या वर गेला आणि एकदम चित्र. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीवर एक साहेब बोलत होते. त्यांच्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसत होतं, इतकं साफ. दुसरा डबा त्याच वेळी लावला तर तो अडखळत होता, माणूस चौकोनाचौकोनानं हलायचा. काळा ठेवायचा. उद्या दुसरा परत.
सु. ओल्या हातानं आली आणि बोंडअळीवाल्या साहेबाकडे पाहून रडली. मग पदरानं काच पुसली. मी म्हटलं काच साफच आहे. म्हणाली असू द्या.
आता सांगितलं तिला पेनड्राइव्हचं. तिनं पदरालाच हात पुसले. मग म्हणाली, "म्हणजे मले वाटन तवा?" म्हटलं हो.

२९ सप्टेंबर, घटस्थापना
पाऊस थांबायचं नाव नाही. बोअरला पाणी नव्हतं तेव्हा आला नाही, आता सोयाबीन पिवळं झालं तर वरून ओततोय. सगळ्यांच्या शेंगांना कोंब येणार. टीव्ही काळा. सु. रोज देवीला जाते, काय मागते ते मला ठाऊक आहे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
लिहू की नको.
पाऊस उघडला. सु. देवीच्या आरतीला गेली होती. मी डबा लावून बसलो, गुण चांगला होता. मधेच कोजागिरीच्या कार्यक्रमाची झलक दाखवली. अमुक वेळी पाहा म्हणून. आणि त्यात तेच दृश्य. दुसरी ओळ, तिसरी. हसली, तोंडावर हात नेला, हात काढला.
ती मंजू नाही.
पुढल्या दोन दातांत फट. भुवईत टाक्याची रेघ, ती बाकावरून पडली होती तेव्हाची. टाके घालायला मीच सायकलवरून दवाखान्यात नेलं होतं, दोघींनाही, एक पुढं एक मागं. रुकसाना.
मुंग्यांत काय दिसत होतं? एक पोर, परकर, दोन वेण्या, हसते. सु. त्या पहिल्या वर्षी म्हणाली होती ते पाहा मंजू, आणि मला दिसली. मला खरंच दिसली होती.
सु. आली तेव्हा बंद करून बसलो होतो. आलं नाही का आज, म्हणाली. नाही म्हटलं.

५ ऑक्टोबर
काही नाही. जेवलो. झोपलो.

६ ऑक्टोबर, रविवार
अकोला. सु.ला सांगितलं डब्याची वायर आणायची. खोटं.
हमीदभाई दुकानात एकटाच होता. मी काही म्हणायच्या आत त्याला कळलं. शटर अर्धं ओढलं, स्टूल दिलं. मी म्हटलं तुला माहीत होतं. तो हो म्हणाला. भिंतीकडे पाहून, माझ्याकडे नाही.
सगळे डबे त्यानं जाणून चुकीचे सांगितले नाहीतर दिले होते. छत्रीचा, जुना, तो आधीच बिघडलेला कुवेतचाही, बूस्टर खाली लाव तेही. त्याला वाटलं दोन-तीनदा फसलं की मी सोडून देईन. मी भांडायचं ठरवून गेलो होतो. शब्द तयार होते, गाडीत घोकले होते. पण तो म्हणाला ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.
"भाऊ, तुमची पोरगी गेली होती. माही घरात खेळून राहिली होती. वहिनी म्हणे हे पाहा माही मंजू. मी कोणत्या तोंडानं सांगू का टीव्हीतली बी माहीच हाय?"
गिऱ्हाईक आलं, शटरखालून वाकून पाहिलं, गेलं. रुकसानालाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेव्हा लहान होती, दुकानातल्या साफ सेटवर मी दिसली म्हणून नाचत आली, तर बापानं तोंड दाबलं. तेव्हापासून तिनं कोणाला सांगितलं नाही. सासरीसुद्धा नाही. स्वतःला टीव्हीत पाहून पोरीनं एकदा आनंद करायचा, तोही आम्ही घेतला.
मंजू कुठं उभी होती, विचारलं. त्याला माहीत नाही.
निघताना म्हणाला वहिनीले सांगू नका. आता तुम्ही मी झालात, असंही काहीसं म्हणाला. वायर दिली, खरंच लागेल म्हणून.

८ ऑक्टोबर, दसरा
लोक सोनं घेऊन आले, सोयाबीनचं रडणं घेऊन आले. मळणीयंत्र चिखलात जात नाही. मी हं हं करत होतो. सु. म्हणाली तुमचं चित्त कुठं आहे. ती आनंदात आहे. पेनड्राइव्हला तिनं हळदीकुंकू लावलं, शस्त्रांच्या पूजेत ठेवला.

११ ऑक्टोबर
सोपं आहे तसं. खांबाच्या बुडाशी वायरीचा जोड आहे, अर्धा आटा ढिला केला की काळा पडदा. हवा खराब म्हणायचं. ती विश्वास ठेवील. पुढल्या वर्षाचं पुढल्या वर्षी.
पूर्वीसारखं धूसर करता आलं असतं तर केलं असतं. तसं यात होत नाही. अख्खं किंवा काहीच नाही.
तिला दिसली नाही तर ती वर्षभर झुरणार. दिसली तर. काय होईल माहीत नाही. चाळीस वर्षं संसार केला आणि माहीत नाही.

१३ ऑक्टोबर, कोजागिरी
स्वच्छ. वारा नाही. दिवेलागणीपासून दव.
पोरी भुलाबाईला आल्या होत्या, गाणी झाली, खाऊ झाला, गेल्या. सु.नं दूध आटायला ठेवलं. मी खांबाशी गेलो. जोडाला हात लावला, थंड होता. आतून तिनं हाक मारली, "या ना, मी बसली." तिनं ते ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं होतं. मंजूला दाखवायला नेसते दर वर्षी. मी हात काढला. का ते सांगता येणार नाही. एवढंच वाटलं की हिच्याशी खोटं बोलायचं तर हिला बसवून ठेवून नको.
रेकॉर्डचं बटण दाबलं. कार्यक्रम लागला. पटांगण, कडुलिंब, मुख्याध्यापकांची खुर्ची, सगळं असं की हात घालावा. दुसरी ओळ आली. सु. पाटासकट पुढं सरकली. पोरगी हसली, हात नेला, हात काढला. सु. पाहत राहिली. कार्यक्रम संपला.
मग म्हणाली, "हे तं रुक्सी हाय."
हो म्हटलं. तुम्हाला माहीत होतं का, म्हणाली. चार तारखेपासून, म्हटलं. दूध ओतू गेलं होतं, ती उठली नाही. मीच जाऊन गॅस बंद केला. परत आलो तर तशीच बसलेली. डोळे कोरडे. मला वाटलं आता फुटेल.
"मंग आपली कोठं हाय?" म्हणाली.

१४ ऑक्टोबर, सोमवार
सकाळपासून ओतू गेलेल्या दुधाची शेगडी घासत होती. दुपारी म्हणाली रुक्सीला फोन लावा. मी भीत भीत लावून दिला. तिकडे रुकसाना रडायला लागली, काकू माफ करा म्हणे. सु. तिच्यावर ओरडली, माफी कशाची मागते पोट्टे, किती गोड दिसून राहिली होती. मग विचारलं, मंजू कुठं उभी होती गं तुझ्यापासून. रुकसानाला आठवत नाही. मंजू होती एवढं नक्की, तिचा परकर मंजूनंच घट्ट बांधून दिला होता. पण उभं करताना सरांनी उंचीप्रमाणं सगळ्यांना इकडचं तिकडं केलं.
दिवाळीत पोराला घेऊन ये म्हणाली तिला. फोन ठेवल्यावर पुष्कळ वेळ रडली. मी जवळ बसलो. मग मलाही आवरलं नाही. इतक्या वर्षांत आम्ही दोघं एका वेळी रडलो नव्हतो, एकानं रडायचं, दुसऱ्यानं पाणी आणायचं असंच चाललं होतं.

१५ ऑक्टोबर
डब्यात चित्र थांबवता येतं, मागं नेता येतं. शिकवलं तिला. लाल बटण थांबायचं नाही, ते पुसायचं आहे, त्यावर चिंधी बांधली.
पहिली ओळ पाहून झाली. एकेक तोंड. ही कुंभाराची, ही पोस्टमास्तरची, ही वारली गं बाई बाळंतपणात. सु.ला सगळ्यांची नावं येतात.

१६ ऑक्टोबर
दुसरी ओळ. नाही.
हमीदभाईचा फोन. सु.नंच घेतला. काय बोलली ऐकू आलं नाही, पण शेवटी अकोल्याची मिरची पाठवा म्हणत होती. सकाळीच संपली होती.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
तिसरी ओळ नीट दिसत नाही, ती मागं, सगळी पुढच्यांच्या आड. कोणाचं कपाळ, कोणाचा कान. सु. पोळ्या लाटायच्या सोडून बसली. मागं घ्या, अजून मागं घ्या, बस.
रुकसाना हात तोंडावर नेते तेव्हा तिचा खांदा कलतो. त्या कललेल्या खांद्यामागं एक वेणी दिसते, पांढरी रिबीन, कानाची पाळी, गालाचा जरासा भाग. पापणी लवेपर्यंत. मग खांदा वर येतो आणि झाकून टाकतो.
सु.नं तिथं बोट टेकवलं. काचेवर पिठाचा ठसा उमटला. "हे पाहा," म्हणाली. "पाहा ना. हे आपलीच हाय ना?"
मी चष्मा पुसून जवळ गेलो. वेणी आहे. रिबीन त्या दिवशी सगळ्याच पोरींना पांढरी होती, शाळेचा नियम. कान कोणाचाही असू शकतो. मंजूचा असू शकतो. मी किती वेळ पाहिलं कोण जाणे, ती माझ्याकडे पाहत होती, टीव्हीकडे नाही.
अजून सांगितलं नाही तिला काही. चित्र तसंच थांबवून ठेवलं आहे, आणि ती स्वयंपाकघरातून विचारते आहे.